‘आमच्या घराण्यातच गणित नाही’

मुलगी सातवीतली. घटक चाचणीत गणितात २० पैकी ६ गुण, आणि पेपरच्या आदल्या रात्री हटकून पोटात दुखायचं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलीला काही विचारायच्या आत आईनंच निकाल लावला, ‘मॅडम, आमच्या घराण्यातच गणित नाही. मला कधी जमलं नाही, तिला कुठून जमणार?’

गणितासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी बरेच जण हे वाक्य बोलतात, आणि बहुधा मूल शेजारी बसलेलं असताना. ‘मला वाचता येत नाही’ हे कुणी हसत हसत सांगत नाही. गणिताचं मात्र खुशाल सांगतात.

आधी एक शक्यता तपासून बाजूला ठेवावी लागते. सातवीतही ७ + ५ साठी बोटं मोजावी लागणं, ६८ मोठे की ८६ यात गोंधळ, काट्यांचं घड्याळ न कळणं, सुट्टे पैसे न जुळणं ही लक्षणं एकत्र दिसली तर गणिताची अध्ययन अक्षमता, म्हणजे डिसकॅल्क्युलिया, असू शकते. मग रीतसर चाचण्या हव्यात. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. या मुलीत यातलं काही नव्हतं. पाढे पाठ होते. गाडी अडली होती समप्रमाणाच्या, म्हणजे एक वाढलं की दुसरंही त्याच पटीत वाढतं अशा उदाहरणांवर, आणि बाबा घड्याळ लावून ‘सांग पटकन’ म्हणाले की येत असलेलंही पुसलं जायचं. यात आळस नसतो. तोंडी हिशेब करताना मधले आकडे डोक्यात धरून ठेवावे लागतात. भीती वाटली की तीच जागा ‘आता चुकणार, आता ओरडा बसणार’ या विचारांनी भरते.

आईचा पोळी-भाजीच्या डब्यांचा व्यवसाय. रोज २२ डबे, प्रत्येकात ३ पोळ्या, शिवाय घरच्या १४. ‘कणीक किती भिजवता?’ असं विचारल्यावर उत्तर लगेच आलं, ‘किलोच्या ४० होतात, म्हणजे दोन किलो.’ रविवारी ५ डबे कमी असतात. तेव्हा? ‘दीड किलो आणि वर अर्धा पाव.’ आता हे कागदावर मांडू. १५ पोळ्या कमी, म्हणजे ६५. ४० पोळ्यांना १००० ग्रॅम, तर एकीला २५. ६५ × २५ = १६२५ ग्रॅम. दीड किलो आणि अर्धा पाव, बरोब्बर. मुलीच्या वहीत अर्धवट सोडलेलं उदाहरण याच जातीचं होतं, फक्त त्यात पेनं आणि रुपये होते. आई म्हणाली, ‘हे काय गणित आहे का? हा तर अंदाज.’

मग घरी करायला एवढंच दिलं की आईनं हिशेब मनात न करता मोठ्यानं बोलत करायचा. मुलीनं आधी अंदाज सांगायचा, मग वहीत एकीचं माप काढून उत्तर लिहायचं, आणि शेवटी पोळ्या मोजून ताडून पाहायचं. फरक पडला तर चूक शोधण्याआधी कारण शोधायचं. गोळे मोठे झाले का? पिठी कणकेत धरली का?

व्यस्त प्रमाणाला, म्हणजे एक वाढलं की दुसरं त्याच पटीत कमी होतं याला, तर स्वयंपाकघरासारखी जागा नाही. पुस्तकी उत्तर असं, की दोघी लाटायला असतील तर ६० मिनिटं, तिघी असतील तर ४०. पण तवा एकच, आणि पोळीला मिनिटभर लागत असेल तर ८० पोळ्यांना ८० मिनिटं लागणारच, लाटायला सहा जणी बसल्या तरी. दुसरा तवा ठेवला की ४०. प्रमाण कुठे लागू होतं आणि कुठे थांबतं, हे इथे कळतं. उदाहरणसंग्रहात ही अट क्वचितच लिहिलेली असते, आणि विचार करणारी मुलं नेमकी तिथेच बिचकतात.

हा उपाय फसतो तो पालकांच्या उत्साहामुळे. भाजीवाल्यासमोर ‘बोल, ३५ रुपये पावशेर, तर पाऊण किलोचे किती?’ अशी परीक्षा घेतली की बाजारालाही वर्गाची कळा येते. विचारायचंच असेल तर स्वतःचा हिशेब बोलून दाखवावा, ‘तीन पाव, तीन पस्तीस एकशे पाच, बरोबर ना?’ आणि अधूनमधून मुद्दाम चुकावं. मोठ्यांची चूक पकडायला मुलं फार तत्पर असतात.

दुसऱ्या भेटीत आईनंच एक कागद काढला. व्यवसायासाठी ५०,००० रुपयांचं कर्ज, ‘१२ टक्के फ्लॅट’, १२ हप्ते. व्याज ६,०००, हप्ता सुमारे ४,६६७. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, व्याज मात्र वर्षभर पूर्ण ५०,००० वर धरलंय. सरासरी काढली तर तिच्याकडे २७,००० च्या आसपासच रक्कम राहते. घटत्या शिलकीवर, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर, हा दर साधारण साडेएकवीस टक्के पडतो. सातवीच्या सरळव्याजाचा उपयोग काय, हे मुलीला यानंतर वेगळं सांगावं लागलं नाही.

निव्वळ गंमत म्हणून त्यांना देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या गणितज्ञ द. रा. कापरेकरांचा ६१७४ हा आकडा दिला. हा त्यांनी १९४९ मध्ये शोधला. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजाबाकी करा, आणि पुन्हा पुन्हा तेच करत राहा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचतोच. मुलगी २१११ घेऊन अडली. २१११ − १११२ = ९९९, पुढे ९९९ − ९९९ = ०. सुरुवातीचा शून्य टाकला होता. ०९९९ लिहिलं की ९९९० − ०९९९ = ८९९१, आणि गाडी रुळावर येते. ही चूक तिची तिनंच शोधली, घड्याळाशिवाय.

पुढच्या चाचणीत ११ मिळाले. अपूर्णांकांचा भागाकार अजून कच्चा आहे. आता आईच्या मसाल्याच्या मापांवरून त्याचं काम सुरू आहे.