जंगलाजवळचं कॉलेज हवंय, पण धावणार कुठं?

प्रश्न : मॅडम, यंदा बारावी (जीवशास्त्र) झाले. रोज पहाटे बोडीपर्यंत (छोट्या तळ्यापर्यंत) धावते. वनखात्यात जायचं आहे. चंद्रपूर, नागपूर की अमरावती, बीएस्सी कुठं करू? धावायला मोकळे रस्ते आणि जवळ जंगल हवं.
— एक विद्यार्थिनी, ता. सिंदेवाही

उत्तर : आधी एक ऐक. अंधारात एकटी बोडीकडे जाऊ नकोस. मोहफुलं वेचायला गेलेल्या बायांवर वाघानं झडप घातल्याच्या बातम्या तुमच्याच भागातून येतात, आणि वेळ हीच असते. पहाट नि तिन्हीसांज जनावरांची. म्हणून जंगल बघायची जागा आणि धावायची जागा वेगळी धर, म्हणजे गाव निवडणं सोपं जाईल.

चंद्रपूर तुला घरचं. पण ताडोब्यात गाडीतून खाली पाय ठेवता येत नाही, धावणं तर लांबच. शहरालगत औष्णिक वीज केंद्राच्या झुडपांतही वाघ-बिबट फिरतात. शिवाय कोळशाची धूळ! धावणाऱ्या पोरीला तिथं राहा असं मी म्हणणार नाही.

नागपुरात मानकापूरला सिंथेटिक ट्रॅक आहे, चढाचा सराव सेमिनरी हिल्सवर होतो. उमरेड-कऱ्हांडला, बोर, पेंच एका दिवसात जाऊन येण्यासारखे. फक्त खोलीभाडं आणि रोजचा प्रवास घरच्यांना झेपेल का ते बघ.

माझं मत अमरावतीला. शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था १९२३ पासूनची. तिथं प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र दोन्ही घे. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून असलेल्या या गावात मुलगी ट्रॅकपँट घालून मैदानाकडे निघाली तर कुणी वळून बघत नाही. पळणाऱ्या पोरीला याची किंमत कळते. पोहरा-मालखेडचं जंगल शहराला खेटून आहे, सुट्टीत एसटीनं मेळघाट. पण जंगल खेटून म्हणजे बिबटही आलाच. वडाळीकडे, विद्यापीठाच्या बाजूला तो दिसतो. तिकडे उजाडल्यावरच जायचं, दोघी-तिघींनी, आणि कानात हेडफोन न घालता.

जीवशास्त्र घेऊन सीईटी दिली असशील तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठातली फॉरेस्ट्रीची पदवी सोडू नकोस. तुझ्या कामाचा थेट अभ्यासक्रम तो आहे. काटेपूर्णा अभयारण्यही जवळच. ऊन मात्र अकोल्याचं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सकाळी आठलाच मैदान सोडावं लागेल.

वनरक्षक भरतीत मुलींना ३ किलोमीटर धावायचं असतं, हे तुला माहीत असेलच. नंतरची १६ किलोमीटर चाल, तीही ४ तासांत, पुष्कळ जणी विसरतात. हिशेबानं वेग जड नाही. पण नवे बूट घालून आलेल्या पोरी दहाव्या किलोमीटरला टाचेला फोड घेऊन लंगडतात. दर रविवारी जुन्याच बुटांत लांब चाल ठेव.

प्रवेश घेण्याआधी बाबांना घेऊन एकदा मुक्कामाला जा. सकाळी साडेपाचला मैदानावर उभी राहा आणि किती मुली येतात ते मोज. मग मुलींच्या वसतिगृहात जाऊन फाटक किती वाजता उघडतं ते विचार. माहितीपत्रकात हे नसतं, आणि तुझी तीन वर्षं त्यावरच ठरणार आहेत. सात म्हणाले तर मैदानाजवळ खोली शोधा.