ती भेग बुजवू नका

तुम्ही लिहिलंय की श्रीलंकेत कँडीजवळ डोंगर कापून बांधलेलं घर भाड्याने घेतलंय, मागच्या भिंतीला तिरकी भेग गेलीय आणि मालक म्हणतात, "जुनं घर आहे, चालायचंच." वाचून पोटात गोळाच आला. आम्हीही तिकडे चार वर्षं होतो, आणि आम्हालाही हेच उत्तर मिळालं होतं.

ऑगस्टमध्ये मी तपासणीसाठी एका कचेरीत तीनदा गेले. भाडेकरूचा अर्ज घेत नाही, मालकाची सही आणा. मालक सही देईनात. त्या भिंतीला लागून झोपायचं आम्ही आणि अर्ज मालकाचा हवा, याचा राग अजून गेलेला नाही. शेवटी कंटाळून मी भेग सिमेंटने बुजवली, वर रंग दिला. माझी सगळ्यात मोठी चूक हीच. दसरा झाला की पाऊस संपला, हा आपल्याकडचा हिशोब. तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच तो जोर धरतो. भेग दिसेनाशी झाली आणि माझं लक्षही उडालं. मागचं दार अडकायला लागलं तर पावसाने फुगलं समजून सुताराकडून तासून घेतलं. दार ठीक होतं, चौकट तिरकी झाली होती. नोव्हेंबरात एका रात्री घरामागच्या कापलेल्या दरडीच्या पायथ्यातून चहासारखं गढूळ पाणी येऊ लागलं. मुलाला पांघरुणासकट उचलून शेजाऱ्यांकडे गेलो. सकाळी मागची खोली खिडकीपर्यंत चिखलाने भरलेली.

मी इंजिनिअर नाही, त्यामुळे घर राहण्याजोगं आहे की नाही हे मी सांगणार नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करा, तारीख टाका, पट्टी धरून फोटो काढा. उभ्या कडांचा डबा उघड्यावर ठेवून पाऊस मोजा. तिथली राष्ट्रीय इमारत संशोधन संस्था, म्हणजे एनबीआरओ, दरडी कोसळण्याचे इशारे देते: २४ तासांत ७५ मिलिमीटरला पिवळा, १०० ला केशरी, १५० ला किंवा तासाभरात ७५ झाला तर लाल, म्हणजे घर सोडा. माझं मत विचाराल तर लहान मूल असताना केशरीलाच निघावं. २९ ऑक्टोबर २०१४ ला श्रीलंकेतल्याच मीरियाबेद्दमध्ये दरड कोसळून चहामळ्यातल्या कामगारांच्या चाळी गाडल्या गेल्या. तिथे धोका आहे हे आधीच्या वर्षांतच सांगितलेलं होतं. त्याच वर्षी जुलैत आपलं माळीण गेलं. अशा बातम्या वाचूनही मी रंग देत बसले होते.

आणखी एक, न्हाणीघराचं पाणी उतारावर सोडलेलं असेल तर पाइप लावून गटारात न्या. आमच्याकडे ते वर्षानुवर्षं मातीतच मुरत होतं.

भेग किती रुंद आहे आणि मागची दरड घरापासून किती फुटांवर आहे, तेवढं इथे लिहा. पण रात्री पाऊस लागला तर माझ्या उत्तरासाठी थांबू नका. आपत्ती व्यवस्थापन केंद्राचा नंबर ११७ आहे, आणि कोणत्या शेजाऱ्यांकडे जायचं ते आजच ठरवून ठेवा.