युनानी वैद्यकातला ‘सफरा’ म्हणजे आयुर्वेदातले पित्तच का, आणि तो बिघडतो म्हणजे नेमके काय होते?

दोन्ही संकल्पना जवळच्या असल्या तरी एक नाहीत. आयुर्वेदात दोष तीन आणि रक्त हा धातू, म्हणजे शरीर घडवणारा घटक. युनानीत मात्र रक्त, कफ, सफरा (पिवळे पित्त) आणि सौदा (काळे पित्त) असे चार ‘खिल्त’, म्हणजे शरीरातले द्रव, मानले जातात आणि त्यांत सफरा उष्ण व कोरडा असतो.

इब्न सीना या वैद्याने अकराव्या शतकातील ‘अल्-कानून’ या वैद्यकग्रंथात सफऱ्याला रक्तावरचा फेस म्हटले आहे. त्याच्या मते यकृतात तयार झाल्यावर सफऱ्याचा एक भाग रक्ताबरोबर जाऊन ते पातळ करतो, म्हणजे अरुंद वाहिन्यांतूनही ते सरकते. दुसरा पित्ताशयात साठून पुढे आतड्यात उतरतो, तिथला चिकटा धुतो आणि आतड्याला टोचून शौचाची जाणीव करून देतो. ही वाट अडली की सफरा रक्तात पसरून कावीळ होते, हे त्याचे स्पष्टीकरण आजही ओळखीचे वाटेल.

बिघाड केवळ प्रमाण वाढल्याने होत नाही, प्रतही बदलते. पातळ कफ मिसळला तर सफरा फिकट होतो, दाट कफ मिसळला तर अंड्याच्या बलकासारखा. करपला तर हिरवा, आणि तांब्यावरच्या कळंकासारखी छटा आलेला सर्वांत घातक, जवळजवळ विषच. एक दिवसाआड येणारा ताप याच खिल्ताच्या कुजण्यावर ढकलला जाई, ज्याला आज आपण हिवताप म्हणू.

उपचारात थंड गुणाचे पदार्थ येतात: चिंच, आलुबुखार, सिकंजबीन (सिरका आणि मध किंवा साखरेचे सरबत).