खिडकीतली घोळ, चिवळ आणि मायाळू: वाचकांचे प्रश्न

घोळीचं बी पेरून पंधरा दिवस झाले, एकही रोप नाही. बी जुनं असेल का? (डोंबिवली)

बी खोल गेलं असण्याची शक्यता जास्त. खसखशीएवढ्या या काळ्या बियांना उगवायला उजेड आणि ऊब दोन्ही लागतं. ओल्या मातीवर बी नुसतं भुरभुरवा, तळहाताने हलकं दाबा, वर माती टाकू नका. पाणी झारीने नको, स्प्रेने द्या, नाहीतर बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. थंडीत मात्र बियांच्या नादी लागू नका. बाजारातल्या जुडीतल्या ताज्या काड्या चार बोटं लांब तोडा, खालची पानं काढा आणि ओल्या मातीत खोचा. आठवड्याभरात मुळं धरतात.

रोपं लांबुळकी होऊन आडवी पडतात, काही बुडाशी कुजतात. ग्रिलमध्ये दोन तासच ऊन येतं. (पुणे)

ही दोन वेगळी दुखणी आहेत. लांबुळकेपणा उजेडाच्या कमतरतेमुळे येतो. चार-पाच तास थेट ऊन मिळत नसेल तर २० वॅटचा पांढरा एलईडी रोपांच्या वर वीतभर टांगा आणि रोज १२ ते १४ तास चालू ठेवा. कुजणं पाण्याचं आहे. या भाज्या पाणी देठापानांत साठवतात, त्यामुळे वरची बोटभर माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नको. मातीचं मिश्रण असं: दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू. पसरट ट्रे, खाली भोकं. नुसत्या कोकोपीटमध्ये वरून कोरडं दिसतं आणि तळाशी चिखल असतो, तिथेच बहुतेकांची फसगत होते. बी दाट पडलं असेल तर विरळणी करा. उपटलेली रोपं आमटीत जातात. पुढे वीतभर वाढली की बुडाशी दोन पेरं ठेवून कापा, नवे फुटवे येतात.

सकाळी तोडलेली घोळ जास्त आंबट का लागते? (नागपूर)

पाण्याचा ताण पडला की घोळ रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा उजेडात ते वापरून टाकते. आंबटपणा नको असेल तर दुपारनंतर तोडा.

मायाळूच्या पेरांवर पांढरा कापूस दिसतो. (ठाणे)

पिठ्या ढेकूण. ओल्या कापसाने पुसून काढा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा. तोवर पानं खाऊ नका.

कुंडीत चिवळीसारखंच काहीतरी आपोआप उगवलंय. खावं का? (जळगाव)

देठ मोडून पाहा. पांढरा चीक आला तर ती दुधी नावाचं तण (दुधी भोपळा नव्हे), विषारी, उपटून टाका. चिवळीचा आणि घोळीचा रस पाण्यासारखा असतो. चीक नसला तरी जाणकाराला दाखवूनच खा. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र ओळख पटूनही जपून: दोन्हींत ऑक्झॅलेट (मुतखडा वाढवणारा घटक) भरपूर. उकळून पाणी ओतून दिलं की ते कमी होतं, जोडीला दही घ्यावं.