मुलगी जॉर्जियातून डॉक्टर होऊन आली तर इंदूरला प्रॅक्टिस करता येईल का?

येईल, ताई. पण ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा पास झालीय एवढ्यावर एजंटकडे पैसे भरू नका. 18 नोव्हेंबर 2021 नंतर प्रवेश घेणाऱ्यांना निदान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम लागतो, तोही इंग्रजीतून, आणि त्याच संस्थेत 12 महिने इंटर्नशिप. शिवाय त्या देशातही प्रॅक्टिसचा परवाना मिळण्याची पात्रता हवी. हे आधी लेखी मागा, इथेच मुलं अडकतात. रामबागेत राहणारा माझा भाचा परवा फाइल पसरून बसला होता: पदवी आहे, मार्कशीट आहेत, इंटर्नशिपचा कागदच नाही. जीव तुटला बघून.

परत आल्यावर सध्या एफएमजीई, म्हणजे परदेशात डॉक्टर झालेल्यांची इथली परीक्षा; पास व्हायला 300 पैकी 150 गुण. मग भारतात आणखी 12 महिने इंटर्नशिप, आणि त्यानंतरच भोपाळच्या मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलकडे कायमची नोंदणी.