ओठ हलतात, आवाज फुटत नाही

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य माझ्या मनातून जात नाही : 'चर्चमध्ये गीत सुरू झालं की सगळ्यांबरोबर उभी राहते, ओठ हलवते, पण आवाज फुटत नाही.' दोन वर्षांच्या आजारात तुम्ही उपास केले, रात्र रात्र प्रार्थना केली, तरी यजमान गेले. त्याला आठ महिने झाले. आता गुडघे टेकले की राग येतो. उपासनेनंतर कुणी 'देवाची इच्छा' म्हणालं की पळून जावंसं वाटतं. आणि तुम्ही विचारता, माझा देवावरचा विश्वास पहिल्यापासून खोटाच होता का?

नाही, ताई. जो नाहीच असं वाटतं, त्याच्यावर कुणी रात्री दोन वाजता उठून चिडत नाही.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय पुन्हा एकदा वाचा, पण या वेळी लाजराच्या बहिणींच्या, मार्था आणि मरिया यांच्या बाजूने. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू होता तिथेच दोन दिवस राहिला. तो पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था त्याला वाटेतच गाठते आणि म्हणते, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. नंतर मरिया येते, पाया पडते आणि तेच बोलते. मला नेहमी वाटतं, ते चार दिवस दोघी घरात एकमेकींना हेच म्हणत असणार. येशू त्यांना गप्प करत नाही. तो रडतो. थोड्याच वेळात लाजराला हाक मारून कबरेतून जिवंत बाहेर बोलवायचं आहे, हे ठाऊक असूनही रडतो. तेव्हा 'ते स्वर्गात सुखात आहेत, मग रडता कशाला' असं सांगणाऱ्यांचं मनावर घेऊ नका. पुनरुत्थानाची, मेलेले पुन्हा उठतील ही आशा मलाही आहे. आईच्या कबरेत मूठभर माती टाकताना तीच धरून उभी होते. डोळे मात्र कोरडे झाले नाहीत.

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर बायबलमधलं ८८ वं स्तोत्र मोठ्याने वाचा. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे स्तुतीला येतात, हे येत नाही. अंधारातच संपतं. तरी ते शास्त्रात आहे, आणि त्यातली सगळी तक्रार देवापाशीच केलेली आहे. आई गेल्यावर कितीतरी आठवडे माझी प्रार्थना म्हणजे तेवढंच होतं.

झोप आणि जेवण सुटलं असेल, जगूच नये असं मनात येत असेल, तर आजच डॉक्टरांना भेटा, घरातल्या कुणाला तरी सांगा. यात विश्वास कमी पडल्याचा काही संबंध नाही. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्यालाही देवदूताने आधी उठवून खायला घातलं होतं.

आता त्या न फुटणाऱ्या आवाजाबद्दल. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघात झालेल्या माणसाला घेऊन येतात, आणि गर्दीतून वाट मिळेना म्हणून छप्पर उसकटून त्याला खाटेसकट खाली सोडतात. येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, असं मार्क लिहितो. खाटेवरच्या माणसाला 'तुझा विश्वास किती?' असं विचारल्याचं कुठेच नाही. ताई, सध्या तुम्ही त्या खाटेवर आहात. चर्चमधली मंडळी गाते तेव्हा तुमच्या वाटचंही गाते. मंडळी असते ती याचसाठी, असं मला मनापासून वाटतं.

मंडळीतली एखादीच बाई निवडा, जिला उपदेश न करता शेजारी बसता येतं. तिला स्पष्ट सांगा : मला प्रार्थना जमत नाहीये, तू माझ्यासाठी कर. येत्या रविवारी उभं राहवलं नाही तर बसून राहा, आणि गीतांचं पुस्तक तिच्या हातात द्या.

तुमची,
ताई