काचेवरची फिल्म: ७० आणि ५० यांचा हिशेब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: बोरिवलीहून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत रोजचा प्रवास आहे, मागे बसणाऱ्या मुलीच्या अंगावर ऊन येते, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा एक फिल्मवाला पुढच्या व मागच्या काचेसह सगळ्या काचांना "७० ची फिल्म" लावून देतो आणि ती पूर्णपणे कायदेशीर असल्याची खात्री देतो. माझे मत असे की बाजूच्या खिडक्यांना, काचेतून किती प्रकाश जातो ते मीटरने मोजून, जरूर फिल्म लावावी. पुढची आणि मागची काच मात्र आहे तशीच ठेवावी.

कारण त्या "७०" या आकड्यातच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० असे सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे. ही अट काच आणि फिल्म यांच्या एकत्रित परिणामाला लागू होते, एकट्या फिल्मला नव्हे. कारखान्यातून आलेली काच आपल्याला पारदर्शक वाटली तरी तिच्यात हलकी हिरवट छटा असते आणि ती स्वतःच काही प्रकाश अडवते. समजा आपल्या गाडीची पुढची काच ७८ टक्के प्रकाश सोडते. तिच्यावर ७० टक्क्यांची फिल्म चढवली की ०.७८ गुणिले ०.७०, म्हणजे सुमारे ५५ टक्केच उरतात, आणि नियमभंग होतो. तीच फिल्म ७५ टक्क्यांच्या बाजूच्या काचेवर लावली तर साडेबावन्न टक्के उरतात आणि ती नियमात बसते, पण केवळ अडीच टक्क्यांच्या फरकाने. म्हणून बाजूलाही थोडी अधिक पारदर्शक फिल्म निवडणे शहाणपणाचे ठरेल. फिल्मवाला कदाचित खोटे बोलत नसेल, तो फक्त फिल्मच्या खोक्यावरचा आकडा वाचून दाखवत आहे. आधी नुसत्या काचेचे आणि नंतर फिल्म लावलेल्या काचेचे माप आपल्या डोळ्यांदेखत घ्यायला सांगा; मीटर नाही असे उत्तर मिळाले तर दुसरे दुकान पाहा.

कायद्याची बाजू जरा गुंतागुंतीची आहे, म्हणून ती क्रमाने मांडतो. सर्वोच्च न्यायालयाने अभिषेक गोयंका यांच्या याचिकेवर २७ एप्रिल २०१२ रोजी दिलेल्या निर्णयाने काचांवर कोणत्याही टक्केवारीची काळी फिल्म किंवा अन्य साहित्य चिकटवण्यास मनाई केली, आणि वाहतूक पोलिसांनी केवळ दंड न करता ती फिल्म तिथेच काढून टाकावी असेही सांगितले. कारखान्यातच त्या मर्यादेत रंगवलेल्या काचेला हरकत नव्हती. पुढे नियम १०० मध्ये दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२१ पासून "सेफ्टी ग्लेझिंग"लाही, म्हणजे आतील बाजूस प्लास्टिकचा थर असलेल्या काचेलाही, त्यात स्थान मिळाले. याच आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये असे ठरवले की ७० आणि ५० टक्क्यांच्या मर्यादा पाळणारी, मानकात बसणारी फिल्म वाहनमालकालाही लावता येते आणि त्यासाठी दंड करता येत नाही. तो निर्णय आपल्या बाजूचा भक्कम आधार आहे, परंतु मुंबईतील यंत्रणेवर तो थेट बंधनकारक नाही, हे लक्षात ठेवूनच पुढे जावे. नाकाबंदीत प्रथमदर्शनी गडद दिसणारी काच थांबवली जाते आणि रस्त्यावर उभे राहून न्यायनिवाड्याची चर्चा करण्यात हशील नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खालील दंड पहिल्या वेळी ५०० रुपये आणि त्यानंतर १,५०० रुपये आहे. त्याहून अधिक त्रास होतो तो नवी फिल्म रस्त्यातच सोलून काढली जाण्याचा. म्हणून वाहनांच्या सुरक्षा काचेसाठीच्या आयएस २५५३ या भारतीय मानकाचा उल्लेख असलेले फिल्मचे प्रमाणपत्र आणि टक्केवारी लिहिलेले बिल गाडीत ठेवावे.

आता मुख्य मुद्दा, उन्हाचा. गडद काच म्हणजे थंड गाडी, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे आणि ती अर्धीच खरी आहे. सूर्यापासून येणाऱ्या ऊर्जेचा जवळपास निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो, आणि चांगली सिरॅमिक फिल्म काच फारशी काळी न करता नेमके तेच किरण अडवते. दुकानात दिव्यासमोर हात धरून दाखवला जाणारा प्रयोग मात्र फसवा असतो, कारण त्या दिव्याची उष्णता मुख्यतः अवरक्त असते आणि फिल्म प्रत्यक्षातल्या उन्हापेक्षा कितीतरी अधिक प्रभावी भासते. "अवरक्त किरण ९० टक्के अडवते" या दाव्याऐवजी एकूण सौर ऊर्जेपैकी किती टक्के अडते, हा आकडा विचारा. मुलीच्या त्वचेसाठी अतिनील किरणांचाही विचार करावा: पुढची काच दोन थरांमध्ये प्लास्टिक असलेली असल्याने ते किरण जवळजवळ पूर्ण रोखते, बाजूची एकेरी काच तेवढे रोखत नाही, तिथे फिल्मचा खरा उपयोग आहे.

फिल्म लावण्याआधी एक बिनखर्चाचा बदल करून पाहा. पश्चिम द्रुतगती महामार्गावर सकाळी आपण दक्षिणेकडे जाता, तेव्हा पूर्वेचे ऊन गाडीच्या डाव्या बाजूने येते. संध्याकाळी उत्तरेकडे परतताना पश्चिमेचे ऊन पुन्हा डावीकडूनच येते. मुलीची बैठक मागे डावीकडे असेल तर ती उजवीकडे घ्या. निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

मागच्या काचेबद्दल मी इतक्या आग्रहाने सांगतो त्यामागे स्वतःचा अनुभव आहे. माझ्या पहिल्या गाडीला आधीच्या मालकाने गडद फिल्म लावलेली होती आणि मला ती आवडायची. जुलैमधल्या एका पावसाळी रात्री सोसायटीच्या आवारातून मी गाडी मागे घेत होतो. मागच्या काचेत ओघळलेल्या लाल उजेडाशिवाय काहीही दिसत नव्हते, आणि वॉचमनने डिकीवर जोरात थाप मारली म्हणून मी थांबलो. खाली उतरून पाहिले तर शेजारचे आजोबा काळी छत्री धरून बंपरपासून हातभर अंतरावर उभे होते. आजही पाऊस असला की मी गाडी मागे घेण्याआधी एकदा खाली उतरून बघतो. पुढे २०१२ मध्ये ती फिल्म काढायला गेलो, तर दुकानातल्या मुलाने चिकट राहिलेला थर ब्लेडने खरवडला आणि त्याबरोबर काचेवरची वाफ घालवणाऱ्या डिफॉगरच्या तीन तारा निघाल्या. त्या पट्ट्यात नंतर कायम वाफ साचून राहायची.

राहता राहिली कामाची पद्धत. अगदी स्वस्त, रंगवलेली फिल्म काही वर्षांत जांभळी पडते आणि तिला फुगे येतात. धातूचा थर असलेली फिल्म मोबाइल आणि जीपीएसच्या संदेशात अडथळा आणू शकते, आणि पुढच्या काचेवर असल्यास फास्टॅगही वाचला जाणार नाही. सी-लिंकच्या टोल नाक्यावर मागे रांग लागलेली असताना हे कळणे फार क्लेशदायक असते. काम शक्यतो पावसाळ्याआधी उरका, कारण दमट हवेत फिल्मखालचे पाणी सुकायला अधिक दिवस लागतात. सुकेपर्यंत, निदान तीन-चार दिवस, त्या खिडक्या खाली करू नका. बटणांवर कागदी चिकटपट्टी लावून ठेवा, म्हणजे मुलीच्या हातूनही ती दाबली जाणार नाहीत.